समवेदनेची बंडी

सुवर्णा बुगड शाळेत आली ती लेकीचा दाखला घेऊन परत जायच्या तयारीनेच. कारखान्यातून तशीच उठली होती, केसांत कापसाची धूळ, आणि वाटभर मनात एकच घोर: सातवीतल्या पोरीला आता दुसरी कुठली शाळा घेणार? ईश्वरीच्या तक्रारी आधीही आल्या होत्या. कुणाची वही फाडली, बाईंना उलट बोलली. पण आज कहरच झाला होता. वर्गातल्या प्रणोती मगदूमने कबड्डीच्या निवडीआधी हिचे बूट लपवले, म्हणून हिने तिला भिंतीशी दाबून धरलं, तोंडावर ओरडली, आणि असं ढकललं की बाकाची कड लागून त्या पोरीचा पुढचा दात अर्धा तुटला. बूट लपवणं वाईटच, पण म्हणून दात पाडायचा? सुवर्णाला लेकीची बाजू घ्यायची होती आणि घ्यायला बाजूच शिल्लक नव्हती.

"सर, दाखला नका देऊ ओ," ती खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली. "घरी बसली तर पोरगी वाया जाईल. काय पण शिक्षा करा, पण शाळेतनं काढू नका."

मुख्याध्यापक कुंभोजकर सरांनी आधी उठून दार लावलं, कारण सुवर्णाचं बोलणं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. आता यात तिचा काय दोष? इचलकरंजीत ती राहायची त्या गल्लीत घराला लागून माग आणि मागाला लागून घर. दिवसभर नुसता खडखडाट. तिथे लाडाने मारलेली हाकही परक्या माणसाला भांडणाची सुरुवात वाटते. तिचा नवरा अरविंद माग चालवून चालवून अर्धा बहिरा झालेला, त्याला चहा झाला हे सांगायचं तरी घसा ताणूनच. ईश्वरी या घरात बोलायला शिकली आणि आईचा आवाज तिने जसाच्या तसा उचलला. फोनवर सख्खा मामा विचारायचा, "कोण बोलतंय, अक्का का ईशी?"

"दाखला देत नाही हो आम्ही आता," सर म्हणाले. "ते दिवस गेले."

खरंच गेले होते. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढायचं नाही, घरी बसवायचं नाही, अंगाला हात तर लावायचाच नाही, असा नियम झाला होता. नियम वाईट नव्हता. घरी बसवलेलं पोर घरी बसत नाही, गावभर फिरतं, आणि शाळेत परततं ते आणखी बिघडून, हे कुणालाही सांगायला नको. पण मग करायचं काय? साठ पोरांच्या वर्गात एक पोर दुसऱ्याचा दात पाडतं, तेव्हा बाईंनी काय भजन म्हणायचं? शाळा अशी पेचात पडली आणि तेवढ्यात एका कंपनीने अंगात घालायची एक बंडी आणली. कागदावर तिचं नाव 'समवेदना संच' असं होतं. पोरं तिला भीतीची बंडी म्हणायची, आणि पोरं सहसा चुकत नाहीत.

सरांनी सुवर्णाला सगळं समजावलं. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर एक पट्टा असतो. तो नाडी मोजतो, घाम मोजतो, श्वास मोजतो, आणि आजूबाजूचे आवाज टिपून ठेवतो. ईश्वरीने प्रणोतीला धरलं तेव्हा प्रणोतीच्या शरीरात काय काय झालं ते सगळं पट्ट्याने धरून ठेवलं आहे. आता तेच ईश्वरीला द्यायचं. मार नाही, अपमान नाही. आपण दुसऱ्याला काय केलं ते फक्त स्वतःच्या अंगावर कळू द्यायचं.

"तीन बैठका. मग प्रणोतीची माफी. मग महिनाभर पट्टा घरीही बांधून ठेवायचा, सुधारणा टिकते का ते बघायला. संपलं प्रकरण."

सुवर्णाचे डोळे भरून आले. तिने सरांना हात जोडले, मागितलं तिथे अंगठा टेकवला, आणि पट्ट्याने ओळखावेत म्हणून घरच्या माणसांचे आवाज हवे होते तेही लगेच दिले. तिने स्वतःचं नाव-गाव यंत्रात सांगितलं, नवऱ्याला फोनवरून बोलायला लावलं. पोरगी पट्टा बांधणारी, तिचा आवाज कुणी मागितला नाही.

बैठकीला पालकांनी काचेपलीकडे बसायचं असे. शाळेच्या समुपदेशक नफिसा बागवान यांनी ईश्वरीला बंडी घातली. दिसायला साधीच, थंडीत घालतात तशी. पण तिच्या अस्तरात हवेच्या पिशव्या होत्या, त्या फुगल्या की बरगड्या आवळल्या जात आणि श्वास तोकडा पडे. छातीच्या हाडावर एक चकती दुसऱ्याच्या नाडीचे ठोके मारी. पाठीवर गार पट्ट्या होत्या. कानाच्या आतल्या वळणात एक छोटी चिमटी बसे, कारण तिथे एका लांब नसेचा फाटा येतो आणि तीच नस खाली हृदयात-पोटात उतरते. तिला बारीकसा विजेचा झटका दिला की हृदयाची लय बाहेरून बदलता येते.

आपल्याला वाटतं, भीती वाटते म्हणून छाती धडधडते. मेंदूचं गणित पुष्कळदा उलटं असतं. तो बिचारा कवटीच्या अंधारात बसलेला, त्याला बातमी मिळते ती शरीराकडूनच. छाती धडधडते आहे, श्वास कोंडला आहे, हात गार पडले आहेत, म्हणजे मी घाबरलेलो आहे, असं तो ठरवून टाकतो. मग भीती कशाची ते शोधायला लागतो आणि त्या क्षणी जे समोर असेल त्याला धरतो. बंडी घातलेल्या मुलाच्या समोर काय असेल याची सोय कंपनीने केली होती. कानात त्या दिवशीचा वर्गातला आवाज लावायचा.

ईश्वरी बसली तेव्हा तोंड फुगवूनच बसली होती. नफिसाने कळ दाबली. काचेपलीकडून सुवर्णाला काही ऐकू येत नव्हतं, पण लेकीच्या मानेच्या शिरा तिला दिसल्या. पोरीने दोन्ही हातांनी खुर्ची धरली. तोंड उघडलं, मिटलं. मग ती रडायला लागली, लहान असताना रडायची तशी, नाक-डोळे एक करून.

संध्याकाळी तिने आपणहून प्रणोतीचे हात धरले. प्रणोतीच्या आईने सुवर्णाला मिठी मारली. सर म्हणाले, "बघा, घरी बसवून हे झालं असतं का?" आणि खरंच, झालं नसतं.

दुसरी बैठक झाली, तिसरी झाली. ईश्वरी आता कुणाला उलट बोलत नव्हती. कुणालाच काही बोलत नव्हती. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर उभी राहायची आणि फळ्यावर जाऊन उत्तर लिहायची. बाई खूश. एवढी धटिंगण पोर कशी गायीसारखी गरीब झाली, म्हणून तिचं उदाहरण द्यायला लागल्या.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. "ईशे, जेवायला ये गं," सुवर्णाने स्वयंपाकघरातून हाक मारली, रोज मारते तशी, आणि मोरीत काहीतरी धाडकन पडलं. जाऊन बघते तर पाण्याने भरलेला तांब्या खाली, आणि पोरगी भिंतीला पाठ लावून उभी, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? भूत बघितलंस काय?"

ईश्वरी आणखी मागे सरकायला गेली. मागे भिंत होती.

सुवर्णाला वाटलं, नाटकं करते आहे, शाळेचा राग घरी काढते आहे. म्हणून ती रागावली. रागावली म्हणजे आवाज चढला, आणि आवाज चढला तशी पोरगी कान दाबून खाली बसली. अरविंद म्हणाला, "अगं, पाळी आली असंल." त्याला काही विचारावं तर हे असं. मग सुवर्णाने प्रेमाने जवळ घेतलं, "काय झालं माझ्या बाळाला," म्हणाली, तर तिच्या कुशीत ती पोर हिवताप भरल्यासारखी हुडहुडत राहिली. आईने बोलणं थांबवलं की पोर शांत व्हायची. पण हे सुवर्णाच्या ध्यानात कसं यावं? घाबरलेल्या लेकराला कुठली आई गप्प राहून समजावते?

ती समजावत राहिली. आणि पट्टा सगळं टिपत राहिला.

मग शाळेतून निरोप आला. या खेपेला कुंभोजकर सर एकटे नव्हते. पाल्यसुरक्षा समितीची एक बाई त्यांच्याशेजारी बसली होती.

"सुवर्णाताई, घरी मारहाण होते का?"

"कुणाला?"

"ईश्वरीला. पट्टा खोटं बोलत नाही. घरी तिला जेव्हा जेव्हा भीती बसली, तेव्हा तेव्हा आधी तुमचा आवाज आहे. प्रत्येक वेळी तुमचाच. वडिलांच्या आवाजाला काही होत नाही."

सुवर्णा उभीच राहिली. "मी? मी माझ्या पोरीला मारीन? अहो, आम्ही बोलतोच असं. आमच्या गल्लीत येऊन बघा एकदा. हात लावला असंल तर हात झडून पडू दे माझा." तिचा आवाज बाहेर गेला. बाहेरच्या बाकावर ईश्वरी बसली होती आणि सरांच्या टेबलावरच्या पडद्यावर तिची रेघ ताडकन वर उडाली. समितीच्या बाईने सरांकडे पाहिलं.

सुनावणी पुढच्या आठवड्यात ठरली. समितीला पटलं की घरात धोका आहे, तर ईश्वरीला परगावच्या बालगृहात ठेवणार, दहावीपर्यंत. आईला भेटायची मनाई. बापाला सणासुदीला भेटता येईल. ज्या शाळेने पोरीला घरी पाठवणार नाही म्हणून शब्द दिला होता, तीच शाळा आता तिला घरी जाऊ द्यायला तयार नव्हती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

नफिसा बागवान घरी आल्या त्या स्वतःहून. ईश्वरी अंगणात बापाजवळ बसली होती. नफिसाने सुवर्णाला आत नेलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "हळू बोला. नुसत्या श्वासाने. कुजबुजा."

"का?"

"सांगते. चूक माझी आहे, आधी तेवढं ऐका."

मग त्यांनी सांगितलं. घंटा वाजवून कुत्र्याला खायला देत राहिलं की पुढे नुसत्या घंटेने त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. बंडीने तेच केलं होतं. तीन बैठकांत ईश्वरीच्या शरीरात प्रणोतीची भीती भरली, आणि त्याच वेळी कानात काय वाजत होतं? प्रणोतीच्या पट्ट्याने टिपलेलं, म्हणजे ईश्वरीचंच ओरडणं. तिच्या मेंदूने भीती आणि तो आवाज यांची गाठ मारून टाकली. बाकीच्या मुलांच्या बाबतीत हे फारसं जाणवलं नाही, कारण बहुतेक मारामाऱ्या मुक्यानेच होतात. आणि स्वतःचा आवाज आपल्याला कवटीतून, हाडांतून ऐकू येतो, त्यामुळे तो टिपलेल्या आवाजापेक्षा जरा वेगळा लागतो. ईश्वरीला मात्र पळवाट नव्हती. टिपलेल्या आवाजासारखा हुबेहूब आवाज तिच्या घरात दिवसभर फिरत होता.

"माझा," सुवर्णा कुजबुजली.

"तुमचा. आणि तोंड उघडलं की तिचा स्वतःचा. म्हणून ती बोलत नाही. काल मी तिला विचारलं. ती कानात कुजबुजली, कारण कुजबुजीला आवाज नसतो, नुसती हवा असते. म्हणाली, मी बोलले की माझ्या तोंडातनं ती येते. मी विचारलं, ती कोण? तर म्हणाली, प्रणोतीला मारणारी."

सुवर्णाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला मोठ्याने रडताही येत नव्हतं. रडणं अंगणात गेलं असतं.

"मग तुम्ही सांगा ना समितीला."

"सांगणार आहे. पण माझं म्हणणं हा अंदाज आहे, आणि त्यांच्याकडे नोंद आहे. कंपनी म्हणते, यंत्र फक्त दुसऱ्याचं दुःख कळवतं. शाळेलाही बंडी हवी आहे. माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारतो?"

"बरी होईल का हो ती?"

"भीती पुसली जात नाही, तिच्यावर दुसरं काही चढवावं लागतं. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि वाईट काही घडत नाही हे शरीराला कळू द्यायचं. त्याला फार दिवस लागतात. आणि ते तिने स्वतः मागितलं पाहिजे. लादलं तर आणखी बिघडेल. तोवर तुम्ही गप्प राहा. सुनावणीपर्यंत तरी."

झालं. गल्लीत जिच्या आवाजाने माणसं घड्याळं लावायची त्या बाईने जीभ गिळली. घरात ती कुजबुजू लागली. अरविंदला कुजबूज ऐकू येईना, तेव्हा त्याच्याशी हातवारे करायचे, कारखान्यात मागांच्या खडखडाटात करतात तसे. शेजारीण विचारायला आली, घसा बसला काय गं, तर मान हलवली. स्वयंपाक करताना गाणं तोंडात यायचं, ती ओठ चावायची. पोरगी परत जवळ यायला लागली, मांडीवर डोकं ठेवायला लागली, आणि त्यात सुवर्णाला जितकं सुख वाटायचं तितकंच पोटात तुटायचं. आपण बोललो नाही तरच आपलं लेकरू आपल्याजवळ येतं. याला काय म्हणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही आपल्याच हाताने.

सुनावणी शाळेच्या प्रयोगशाळेत भरली. समितीच्या अध्यक्ष देशिंगकर बाई, वय झालेल्या, चेहऱ्याने वाईट नव्हत्या. बाजूला कंपनीचा एक तरुण, गळ्यात ओळखपत्र. कुंभोजकर सर. नफिसा. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर ईश्वरीच्या पट्ट्याची रेघ धिम्या चालीने सरकत होती, आणि रेघेखाली खोलीतला कोणता आवाज कुणाचा ते उमटत होतं. पट्टा 'घरची नोंद' या पद्धतीवर ठेवला होता.

नफिसाने सगळं मांडलं. कंपनीच्या तरुणाने हसून मान हलवली. "कल्पना छान आहे मॅडम. पण कुणी स्वतःच्या आवाजाला घाबरतं का? आमच्याकडे हजारो मुलांच्या नोंदी आहेत. आणि आवाज ओळखण्यात यंत्र चुकत नाही."

"आईचं म्हणणं ऐकू," देशिंगकर बाई म्हणाल्या. "बोला."

सुवर्णा कुजबुजली, "मी तिला कधी मारलं न्हाई."

"मोठ्याने बोला. नोंद होत नाही."

सुवर्णाने लेकीकडे पाहिलं. ईश्वरी तिच्याकडेच बघत होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आता बोलावं तर रेघ उडणार आणि समितीच्या डोळ्यांदेखत गुन्हा शाबीत होणार. न बोलावं तर ही बाई काहीतरी लपवते आहे असं होणार. तिने तोंड उघडलं. मिटलं. परत कुजबुजली, "माझ्यानं मोठ्यानं बोलवत न्हाई हितं."

"त्या दिवशी सरांच्या खोलीत तर चांगलं मोठ्याने बोलला होतात म्हणे," समितीची दुसरी बाई म्हणाली. देशिंगकर बाईंनी समोर काहीतरी लिहिलं. सुवर्णाला वाचता आलं नाही, पण त्यांनी लिहिताना वर पाहिलं नाही, त्यावरून ते काय असावं हे तिला समजलं. पोरगी चालली. आपल्या हातून चालली आणि आपल्याला ओरडताही येत नाही.

"ईश्वरी बाळ," देशिंगकर बाई वळल्या, "तू सांग. तुला घरात कुणाची भीती वाटते?"

ईश्वरी कुजबुजली. रेघेखाली काहीच उमटलं नाही.

"मोठ्याने सांग. इथे तुला कुणी काही करणार नाही."

सुवर्णाने मान हलवली. नको. ईशे, नको बोलू. तिला बालगृह समोर दिसत होतं आणि तरी त्या क्षणी तिला एकच वाटत होतं, की पोरीने तोंड उघडू नये, तिला ते सहन व्हायचं नाही. ईश्वरीने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग उभी राहिली.

"आईची," ती म्हणाली.

खोलीत तो आवाज खणखणीत वाजला. महिनाभरात पहिल्यांदा. रेघ सरळ वर गेली. पोरीने टेबल धरलं.

"आईची भीती वाटते, असं म्हणतेस?"

"आईची न्हाई. आईच्या आवाजाची. कारण तो माझा आवाज हाय." तिचे दात एकमेकांवर आपटत होते, शब्द मधे मधे तुटत होते. "मी प्रणोतीवर ओरडलेला. बंडीत ऐकलेला. मी आत्ता बोलतीय ना, तरी मला भीती वाटाय लागलीय. बगा. बगा तिकडं."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. रेघेखाली लाल अक्षरांत उमटलं होतं: आईचा आवाज. धोका.

आई खुर्चीत बसलेली होती आणि तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

"हे काय?" देशिंगकर बाईंनी विचारलं. "आई तर गप्प आहे."

"एक मिनिट," कंपनीचा तरुण उठला, यंत्राशी काहीतरी खटपट करायला लागला. "कदाचित बाहेरून कुणी…"

"बाहेरनं कोण न्हाई," ईश्वरी म्हणाली. "मीच बोलतीय." आईचा आवाज. धोका. "माझी आई मला मारत न्हाई." आईचा आवाज. धोका. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. "माझी आई नुसतं जेवाय बोलवती."

सुवर्णा अर्धी उठली. लेकीला उचलावं, बाहेर न्यावं, कुशीत दाबावं, हे तिचं सगळं अंग सांगत होतं. पण पोरगी जितका वेळ बोलत होती तितका वेळ पडदा आपलं खोटं आपल्याच अक्षरांत लिहीत होता. आता उठवलं तर सगळं अर्धवट राहील. ती परत खाली बसली. आयुष्यात याहून अवघड काम तिने केलं नव्हतं: लेकरू समोर भीतीने मरतंय आणि आपण बसून राहायचं.

ईश्वरी बोलत राहिली, तिचे पाय खचेपर्यंत. मग नफिसाने पुढे होऊन तिच्या मनगटावरचा पट्टा काढला. कुणाची परवानगी विचारली नाही.

तरुणाला शेवटी बोलावंच लागलं. घरच्या नोंदीत पट्टा बांधणाऱ्याचा स्वतःचा आवाज धरलेलाच नसतो. धरायची गरज कुणाला वाटली नव्हती. ओळखीच्या आवाजांत जो सगळ्यात जवळचा, त्याचं नाव यंत्र लावून टाकतं. "हा अपवाद आहे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

देशिंगकर बाईंनी लिहिलेलं खोडलं. ईश्वरी घरीच राहील, तिला पुन्हा बंडी घालायची नाही, असं त्यांनी सांगितलं. बंडीचं पुढे काय, असं नफिसाने विचारलं, तेव्हा कुंभोजकर सर पुटपुटले, "बाकीच्यांना गुण आलाय हो. आणि दुसरं काय आहे आमच्या हातात? दाखला देता येत नाही, मारता येत नाही, पोरं तर मारामाऱ्या करतातच. तुम्हीच सांगा, काय करू?" नफिसा पट्टा मुठीत धरून उभ्या राहिल्या. मायलेकी व्हरांड्यातून निघाल्या तेव्हा शेजारच्या खोलीत काचेपलीकडे सहावीतला एक मुलगा बंडीची बटणं लावत होता आणि अलीकडे त्याची आई पदराने डोळे पुसत सरांची वाट बघत होती.

सुवर्णाने तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शेजारी लेक होती. तिने हाताने खूण केली, नको, नको, पण त्या बाईला ती खूण कशी कळावी? त्या बाईने उलट नमस्कारच केला.

शाळेच्या फाटकाबाहेर ईश्वरी थांबली. रस्त्यावर दुपारचं कुणी नव्हतं.

"आई," ती कुजबुजली. "आता तू बोल."

सुवर्णाने मान हलवली.

"बोल की. असं कुजबुजून किती दिवस राहायचं? पप्पांना तर काय बी ऐकू येत न्हाई."

"तुला त्रास होईल गं," सुवर्णा श्वासाने म्हणाली. "आज लई झालं. राहू दे."

"होऊ दे त्रास. बागवान मॅडमनी मला पण सांगितलंय. परत परत ऐकायला लागतंय. मला हाक मार. रोज मारतीस तशी."

एवढे दिवस सुवर्णाला वाटत होतं, एकदा मोकळेपणी बोलायला मिळालं की मी पोट भरून बोलेन. आणि आता बोलायचं म्हणजे समोरच्या त्या चिमुकल्या चेहऱ्यावर आपल्या हाताने भीती आणायची. तिने लेकीचे दोन्ही हात हातात घेतले. ते गारच होते.

"ईशे," ती म्हणाली, मोठ्याने, रोजच्या आवाजात. "जेवाय चल गं."

पोरगी डोक्यापासून पायापर्यंत हादरली. तिने हात सोडवून घ्यायला ओढले, तोंड फिरवलं, तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. सुवर्णाने ओठ मिटून घेतले आणि हात सैल सोडले, पळायचं तर पळू दे म्हणून.

ईश्वरी पळाली नाही. डोळे घट्ट मिटून ती तशीच उभी राहिली, छाती वरखाली होत होती. मग तिने चाचपडत आईचे हात परत धरले.

"परत," ती कुजबुजली.

"नको गं बाळ."

"परत म्हण."

"ईशे," सुवर्णा म्हणाली. पोरगी तितकीच हादरली, काही कमी नाही. गालावरून पाणी वाहत होतं, आईच्याही आणि तिच्याही.

"परत," ईश्वरी म्हणाली, आणि या खेपेला ती कुजबुजली नव्हती.